काटा आणि फीत

द्वारसभेत आम्ही मधुमेहाचे नाव काढले की हमखास आवाज येतो, "तो शेठजींचा रोग! आमच्या अंगावर मांस आहे कुठे?" दुखणे नेमके तेथेच आहे. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर पुष्कळशी स्नायू उचलतात. स्नायू रोडावले आणि पोटात आतून चरबी साचली, की इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो. वरून मनुष्य सडपातळच दिसतो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगी २१.२! काट्याला हा भेद दिसत नाही.

तेव्हा कारखान्यातील वार्षिक तपासणीत नुसत्या वजनाच्या नोंदीवर सही करू नका. कंबर मोजायला लावा. आपल्याकडे पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. त्यापुढे गेल्यास रक्ततपासणी मागून घ्या. जोर-बैठकांना मात्र मालकाची मंजुरी लागत नाही. आमची स्वतःची कंबर ९४ भरली, तीही सभासदांच्या देखत!