धोंड्याचा महिना आणि ब्लॅक फ्रायडे

अ‍ॅमेझॉनने २०१५ साली भारतातल्या विक्रेत्यांना थेट परदेशी गिऱ्हाइकापर्यंत नेणारी योजना आणली. तेव्हापासून परदेशातल्या सणासाठी दुकान कसं सजवावं, याचे सल्ले सुरतेत उदंड झाले: पानावर लाल-हिरवा रंग घ्या, किंमत डॉलरात दाखवा, मापं इंचांत द्या. हे सगळं करायला हवं, पण ते दोन दिवसांचं काम आहे. या दहा-अकरा वर्षांचा हिशेब मांडला तर खरी अडचण पानावर नव्हती, पंचांगात होती, असं माझं मत झालं आहे. उधना आणि सचिन या स्थानकांच्या मधल्या भेस्तानात, पॉवरलूमच्या शेडच्या शेजारी राहून हा धंदा करणाऱ्याला तर ती टाळताच येत नाही.

अमेरिकेचा खरेदीचा हंगाम ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, उघडतो. ही तारीख २३ ते २९ नोव्हेंबरच्या बाहेर जात नाही. दिवाळी मात्र चांगली महिनाभर मागेपुढे सरकते. २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं आणि ब्लॅक फ्रायडे २४ नोव्हेंबरला, म्हणजे मध्ये ३६ दिवस. २०१५ आणि २०१८ मध्ये हेच अंतर १६ दिवसांवर आलं, २०२० मध्ये १३ वर आणि २०२३ मध्ये अवघ्या १२ वर. ही चारही वर्षं अधिक महिन्याची. दिवाळीला सुरतेचे लूम बंद पडतात. खानदेशचे कारीगर ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे जातात, ओडिशाचे त्याहून लांब, आणि शेड पुन्हा भरायला दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणजे अधिक महिन्याच्या वर्षी अमेरिकेतलं गिऱ्हाईक बटण दाबतं, तेव्हा इथे धोटाच हलत नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माल आधीच तिकडच्या गोदामात टाकला की दिवाळीची सुट्टी आडवी येत नाही. बरोबर आहे, पण ‘आधीच’ म्हणजे केव्हा? ब्लॅक फ्रायडेचा माल साधारण ऑक्टोबरात गोदामात पोहोचावा लागतो. समुद्रमार्गे महिनाभर तरी जातो, आणि २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा तो काळ आणखी लांबला. विमानाने पाठवायचं तर उशीचे अभ्रे, टेबलावरच्या पट्ट्या, भेटवस्तूंच्या पोटल्या असल्या स्वस्त मालाला ते भाडं झेपत नाही. म्हणजे माल ऑगस्टअखेर बंदरावर हवा आणि कापड जुलैपर्यंत विणून, रंगवून तयार हवं. राखीनंतर लूम देशी दिवाळीच्या मालाला जुंपलेले असतात. तेव्हा नाताळच्या चार ताक्यांसाठी कोण जागा देणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. देशातली दिवाळी आणि लग्नसराई एवढी मोठी असताना परक्याच्या सणामागे भांडवल का अडकवावं? पैसे उशिरा येतात, आणि अ‍ॅमेझॉनवर नोव्हेंबर-डिसेंबरची खरेदी बहुधा ३१ जानेवारीपर्यंत परत करता येते, त्यामुळे नफा की तोटा हे फेब्रुवारीत कळतं. हे खरंच आहे. मात्र दुसऱ्याच्या सणासाठी विणणं सुरतेला नवं नाही. तमिळनाडूच्या पोंगलचा, कोलकात्याच्या पूजेचा, रमजानचा माल इथे त्या त्या सणाच्या कितीतरी आधी निघतो. शिवाय अधिक महिन्यात लग्नं नसतात, मागणी बसते, लूमला काम कमी असतं. २०१५ साली तो १७ जूनला लागला, २०१८ साली १६ मेला, २०२३ साली १८ जुलैला. ज्या पंचांगाने नोव्हेंबर आवळला, त्यानेच उन्हाळ्या-पावसाळ्यात रिकामे लूम हाती ठेवले. (२०२० चा अधिक आश्विन याला अपवाद, पण त्या वर्षी कारीगरच टाळेबंदीत गावी गेले होते.) ही मोकळीक नाताळसाठी वापरली तर देशी दिवाळीला धक्का लागत नाही.

आणि २०२५? त्या वर्षी अंतर साडेपाच आठवड्यांचं, पंचांग पूर्ण बाजूने होतं. तरी हंगाम बिघडला. २५ ऑगस्टपासून भारतीय डाक खात्याने अमेरिकेची पार्सलं थांबवली ती १५ ऑक्टोबरपर्यंत. २७ ऑगस्टला भारतीय मालावरचं अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. २९ ऑगस्टला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी संपली. पंचांग सगळं ठरवत नाही, हे इथे मान्य करावंच लागतं. तरीही घाव कोणावर अधिक बसला ते पाहावं: ऑर्डर आली की एकेक पार्सल पाठवू म्हणणाऱ्यांवर. ज्यांचा माल जुलैतच तिकडे उतरला होता, त्यांनी तोवरच्या कमी दराने शुल्क भरलं होतं.

२०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, ब्लॅक फ्रायडे २७ ला. अंतर १९ दिवस. राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला आहे, आणि तोवर पेट्या बंदरावर पोहोचवायच्या तर विणाईची ऑर्डर अधिक ज्येष्ठातच द्यावी लागेल. पानावरची लाल टोपी ऑक्टोबरात चढवली तरी चालेल.