काचेतले तळे

मासे दोनच प्रकारचे असतात, असे मी लहानपणी समजत होतो : विकायचे आणि खायचे. पाहायचे मासे हा तिसरा प्रकारही असतो, हे नागपूरला कॉलेजात आल्यावर कळले. आमचे घर गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाच्या काठी आहे. आम्ही ढिवर. आजोबांनी जाळी विणली, बाबांनी ती फेकली, आणि घरात पहिल्यांदा माझ्या हाती जाळ्याऐवजी कॉलेजचे ओळखपत्र आले. पण मासे काही सुटले नाहीत. खोलीचे भाडे निघावे म्हणून संध्याकाळी मी शोभेच्या माशांच्या एका दुकानात काम करतो. टाक्या पुसणे, पाणी बदलणे, वनस्पती लावणे ही माझी कामे.

वर्गमित्र विचारतात, "टाकीत पाणी भरायचे, मासे सोडायचे, त्यात शिकण्यासारखे ते काय?" एके काळी मलाही तसेच वाटत होते, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. म्हणून हा लेख. उदाहरण मुद्दामच अवघड घेतले आहे : वनस्पती लावलेली गोड्या पाण्याची टाकी, आणि तिच्यात डिस्कस मासा.

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. बाजूने पाहिला तर थाळीसारखा गोल, समोरून पाहिला तर वहीसारखा चपटा. पूर्ण वाढला की पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठा होतो. योहान नाटेरर या संशोधकाने ब्राझीलमधून पाठविलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेल यांनी १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले व 'सिम्फिसोडॉन डिस्कस' असे नाव दिले. नदीच्या मुख्य धारेपेक्षा संथ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या मुळा-फांद्यांत तो राहतो. तिथले पाणी उबदार, किंचित आम्ल आणि मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेले. दुकानात येणारे डिस्कस बहुधा पिढ्यान् पिढ्या टाकीतच वाढलेले असतात. ते थोडे जड पाणी चालवून घेतात. पण ऊब आणि स्वच्छता यांबाबत तडजोड करीत नाहीत. शिवाय हा मासा भित्रा आणि कळपाने राहणारा. दोन-तीनच ठेवले तर त्यांतला दांडगा दुबळ्याला छळतो, म्हणून निदान पाच-सहा ठेवावे लागतात.

आता टाकी. सहा डिस्कससाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि साधारण वीस इंच उंच टाकी घ्यावी. तिच्यात सुमारे पावणेतीनशे लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन पावणेतीनशे किलो झाले. त्यात काच आणि वाळू मिळवा, म्हणजे टाकी अभ्यासाच्या टेबलावर का ठेवू नये ते ध्यानात येईल. लोखंडी घोडा हवा, तो सपाट जमिनीवर हवा, आणि काचेखाली थर्मोकोल हवे. नाहीतर बारीकशा उंचवट्यानेही तळाची काच तडकते. टाकी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. पाणी तापते आणि हिरवे होते.

तळाशी दोन ते तीन इंच बारीक खडीवजा वाळू घालतात. ती नदीची चालते. मात्र आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसले तर तिच्यात चुना आहे, आणि तो पाणी जड करील. लाकडाचा ओंडका आधी उकळून बरेच दिवस भिजत ठेवावा. त्यातून चहासारखा रंग उतरतो, त्याला घाबरू नये. डिस्कसच्या मूळच्या पाण्यालाही तोच रंग असतो. आपल्याकडे अंगणात देशी बदाम असतो, त्याची वाळलेली पानेही याच कामी येतात.

डिस्कसला मानवणाऱ्या उष्ण पाण्यात पुष्कळ वनस्पती कुजतात, म्हणून निवड जपून करावी. ॲमेझॉन स्वोर्ड ही डिस्कसच्या मुलखातलीच, मोठ्या पानांची. ती मध्यभागी शोभते. आफ्रिकेतली अनुबियास वाळूत पुरायची नसते, तिचा जाड कंद दोऱ्याने ओंडक्याला बांधतात. मागच्या बाजूला फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया. दिवा रोज आठ तास पुरे. त्याहून अधिक दिला तर वनस्पतींपेक्षा शेवाळच फोफावते.

या व्हॅलिस्नेरियाला इतिहास आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाहिले. वनस्पती प्राणवायू देईल, माशांची घाण वनस्पती घेईल, असा हिशेब. पण जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. या साऱ्यांच्या मुळाशी वॉरिंग्टन यांना उमगलेली गोष्ट आहे : मासा एकटा जगत नाही.

त्या गोगलगायी निदान डोळ्यांना दिसत तरी होत्या. टाकीतले सर्वांत महत्त्वाचे कामकरी दिसतच नाहीत. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. तो माशाला विषारी. पाण्यातले एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य, आणि वनस्पतींचे खाद्य. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा उलगडा केला. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दिवा चालू, फिल्टर चालू, वनस्पती वाढताहेत, पण डिस्कस नाही. तपासणीच्या द्रावणाने अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले की मगच मासे आणायचे. गिऱ्हाइकाला हे पटविणे सर्वांत कठीण. त्याला रविवारी पाहुणे यायचे असतात.

आता माझी चूक सांगतो. दिवाळीपूर्वी दुकानातली मोठी टाकी लख्ख करायची असे मी ठरविले. दीड वर्षाची जुनी टाकी, सहा डिस्कस. मी वाळू उपसून धुतली. फिल्टरचा स्पंज तर नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते, आणि त्याला आपला जंतू आणि परका जंतू असा भेद कळत नाही. टाकी आरशासारखी झाली. मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी मासे काळवंडले, एका कोपऱ्यात गोळा झाले, कल्ले भराभर हलू लागले. पाचव्या दिवसापर्यंत चार मेले. त्यांतल्या एकेकाची किंमत आमच्या घरच्या पंधरा दिवसांच्या किराण्याइतकी. मालक रागावले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले. पगारातून दरमहा थोडे थोडे कापून घ्या, असे मीच म्हटले. ते कापणे मार्चपर्यंत चालले.

त्याच दिवसांत मच्छीमार संस्थेच्या कामासाठी बाबा नागपूरला आले होते. त्यांना दुकानात नेले. उरलेले दोन मासे त्यांनी बराच वेळ न्याहाळले. मी सारी हकिकत सांगितली, जिवाणूंची रसायनेही समजावली. बाबा चौथी शिकलेले. ते म्हणाले, "गाळ पुरा काढला असशील तू. तलावाचा गाळ काढला तरी थोडा जुना ठेवाच लागते, बाबू. मासोळी नाही पोसाची, पानी पोसाचं. मासोळी आपोआप पोसते." मग व्हॅलिस्नेरियाच्या जुडीवरची किंमत मी वाचून दाखविली, तेव्हा ते मोठ्याने हसले. "हे तर आपल्या बोडीतलं गवत! याचे पैसे घेता तुम्ही?"

बाबांचे हसणे बरोबर होते. भंडारा-गोंदियातले जुने तलाव गोंड राजवटीत मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५१ साली मालगुजारी संपली, आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव झाले. पुढे अनेक तलावांत बेशरमची झुडपे माजली, पाण्याखालच्या वनस्पती नाहीशा झाल्या, आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारे देशी मासेही घटले. मनीष राजनकर यांनी ढिवर मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घेऊन, आणि शालू कोल्हे यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन, अशा तलावांवर काम केले. बेशरम उपटली आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती पुन्हा लावल्या. लंडनमध्ये वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात पाहिले तेच हे, फक्त तलावाएवढे. मी ते आधी इंग्रजी पुस्तकात वाचले; वाढलो मात्र त्याच्याच काठावर.

असो. नागपूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली पाण्याची. आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. ते उघड्या पिंपात चोवीस तास ठेवले की क्लोरीन बहुतांशी उडून जाते. तरी क्लोरीन मारणारे औषध घालणे बरे. बोअरचे पाणी जड असते. ते डिस्कसला वापरायचे तर निम्मे आर.ओ.चे मिसळावे.

दुसरी गोष्ट हवेची. डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान लागते. आपल्या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशही पाहिले. थंडीसाठी लिटरमागे एक वॅट या हिशेबाने हीटर लावतात. तीनशे वॅटचा एक लावण्यापेक्षा दीडशेचे दोन बरे. एक बंद पडला तर दुसरा तग धरतो, आणि एक अडकून चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत. उन्हाळा अधिक वाईट. पाणी तापते तसा त्यातला प्राणवायू कमी होतो : वीस अंशाला लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशाला साडेसातच. म्हणून झाकण काढून पृष्ठभागावर पंखा सोडतात आणि हवेचा पंप चालू ठेवतात. रात्री तर पंप हवाच, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा.

बाकीची निगा म्हणजे नित्यनेम. आठवड्यातून दोनदा पाव हिस्सा पाणी बदलायचे, नवे पाणी जुन्याइतकेच कोमट हवे. खाणे थोडे आणि अनेकदा. पाच मिनिटांत उरेल ते काढून टाकायचे. आणि स्पंज पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. हे शेवटचे वाक्य माझ्यासाठी आहे.

माझ्या हातून वाचलेले ते दोन मासे नर-मादी निघाले. फेब्रुवारीत त्यांनी अंडी घातली आणि स्वतःच खाल्ली. दुसऱ्या खेपेला मी त्यांना वेगळ्या टाकीत ठेवले, मातीची कुंडी उलटी करून दिली. त्यांनी तिच्यावर अंडी चिकटवली. अडीच दिवसांनी पिले निघाली, आणखी तीन दिवसांनी पोहू लागली, आणि मग पुस्तकात वाचले होते ते प्रत्यक्ष पाहिले. डिस्कसच्या अंगावर एक चिकट स्राव तयार होतो. पहिले काही आठवडे पिले आईबापांच्या अंगाला बिलगून तोच खातात. एक थकला की तो अंग झटकतो आणि पिले दुसऱ्याकडे जातात.

रात्री मी बाबांना फोन करून सांगितले, की हा मासा आपले अंग पोरांना खाऊ घालतो.

"मंग?" बाबा म्हणाले, "कोन नाही घालत?" आणि त्यांनी विचारले, परीक्षेचा फॉर्म भरला का.

टाकीत सध्या एकतीस पिले आहेत. कुणाला पाहायची असतील तर संध्याकाळी सहानंतर मला सांगा. दुकानात घेऊन जाईन. काचेवर टकटक मात्र करायची नाही.