मिस्ड कॉल ते व्हॉट्सॲप : ग्राहकाच्या परवानगीचे अर्थकारण

दिवाळीच्या तोंडावर शहरातील कोणाचाही मोबाइल उघडून पाहिला, तर घरे, कर्जे, साड्या, सोने आणि फराळ यांच्या संदेशांची रांग लागलेली दिसते. त्यांतील बहुतेक संदेश न वाचताच पुसले जातात. तरीही पाठवणारे थांबत नाहीत, कारण एका संदेशाचा खर्च काही पैशांच्या घरात असतो आणि हजारांत एखादा ग्राहक गळाला लागला तरी हिशेब जमतो. मोबाइलवरील जाहिरातीचा भारतातील गेल्या दोन दशकांचा इतिहास पाहिला, तर एक क्रम सतत आढळतो. नवे माध्यम स्वस्त होते, जाहिरातदारांची तेथे झुंबड उडते, ग्राहक वैतागतो आणि मग सरकार किंवा त्या माध्यमाची मालक कंपनी दार लावून घेते. या उलथापालथीत तग धरून राहिले ते प्रामुख्याने असे विक्रेते, ज्यांच्याशी ग्राहकाने आपण होऊन संबंध जोडला होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अस्सल भारतीय आहे. मोबाइलवर आलेल्या कॉलसाठीही पूर्वी पैसे मोजावे लागत. मे २००३ मध्ये ही पद्धत बंद झाली, फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे असे ठरले आणि 'मिस्ड कॉल'ची एक स्वतंत्र भाषा देशभर रुजली. एक घंटी म्हणजे 'पोहोचलो', दोन घंट्या म्हणजे 'तू फोन कर'. दमडीही खर्च न करता निरोप पोहोचवण्याची ही युक्ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासून रिक्षाचालकांपर्यंत सर्वांनी आत्मसात केली. दूरसंचार कंपन्यांना त्यातून छदाम मिळत नव्हता. जाहिरातदारांना मात्र त्यात खाण सापडली.

बंगळुरूमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'झिपडायल' या कंपनीने या सवयीचा व्यवसाय केला. जाहिरातीत एक क्रमांक छापायचा, ग्राहकाने तो फिरवायचा, एक-दोन घंट्या वाजताच यंत्रणा तो कॉल आपोआप तोडणार आणि ग्राहकाचा क्रमांक नोंदवून त्याला संदेश किंवा उलट फोन जाणार, अशी ही साधी रचना होती. ग्राहकाचा खर्च शून्य, इंटरनेटची गरज नाही, लिहिता-वाचता येण्याचीही अट नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा नोंदवण्यासाठी असंख्य लोकांनी मिस्ड कॉल दिले, तेव्हा या साधनाची ताकद राजकीय पक्षांच्याही ध्यानात आली. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ही कंपनी विकत घेतली.

हिंदुस्थान युनिलिव्हरचा 'कान खजूरा टेसन' हा उपक्रम याहून कल्पक होता. बिहार आणि झारखंडमधील ज्या गावांत वीज तासन्‌तास नसे आणि दूरचित्रवाणीची जाहिरात पोहोचत नसे, तेथे मोबाइल मात्र पोहोचला होता. मिस्ड कॉल दिला की कंपनीकडून फोन येई आणि गाणी, विनोद व अधूनमधून साबण-शाम्पूच्या जाहिराती ऐकायला मिळत. मोबाइलवर चालणारे हे मोफत आकाशवाणी केंद्रच होते. २०१४ मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात त्याला सुवर्णपदके मिळाली. येथे जाहिरात ग्राहकाच्या मागे धावत नव्हती. ग्राहक स्वतः क्रमांक फिरवून ती मागवत होता.

त्याच काळात लघुसंदेशांची अवस्था नेमकी उलट होती. कोणाकोणाकडून गोळा केलेले क्रमांक याद्यांच्या रूपात विकत मिळत आणि त्यांवर संदेशांचा भडिमार चाले. नको असलेले कॉल टाळण्यासाठी २००७ मध्ये नोंदवही सुरू झाली, पण तिचा धाक बसला नाही. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, एका सिमकार्डावरून दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा घातली. जाहिरातदारांच्या पापाची शिक्षा सणासुदीला शुभेच्छा पाठवणाऱ्या सामान्य माणसालाही भोगावी लागली. पुढे ही मर्यादा दोनशेवर नेण्यात आली.

२०१८ च्या नियमांनी आणखी कडक व्यवस्था आणली. व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याने आपले नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवायचा. न जुळणारा संदेश वाटेतच अडणार. मार्च २०२१ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू होताच बँकांचे ओटीपी आणि लसीकरणाच्या नोंदणीचे संदेशही अडकले आणि 'ट्राय'ला आठवडाभर माघार घ्यावी लागली. आज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'पी', 'एस', 'टी' किंवा 'जी' असे रोमन अक्षर दिसते, ते याच व्यवस्थेचे पुढचे पाऊल आहे. 'पी' म्हणजे प्रचाराचा संदेश, एवढे ग्राहकाने ओळखले तरी पुष्कळ.

मिस्ड कॉलचा जमाना मात्र कोणत्या नियमाने संपवला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, कॉल मोफत झाले आणि पैसे वाचवण्याची युक्तीच निरर्थक ठरली. स्वस्त डेटामुळे ग्राहक फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर स्थिरावला व व्यापारीही त्याच्यामागे तेथे गेले. अनेक छोट्या दुकानदारांनी मेहनतीने फेसबुकवर पाने उभारली, हजारो 'लाइक' जमवले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्त-मित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि आधीच घटत चाललेला या पानांचा आवाका आणखी आक्रसला. पैसे भरा, मग तुमच्याच चाहत्यांपर्यंत पोहोचा, असा हा व्यवहार होता. भाड्याच्या जागेत गाळा सजवावा आणि मालकाने रातोरात भाडे वाढवावे, तशातलाच हा प्रकार. टिकटॉकवर बस्तान बसवलेल्यांचा तर २९ जून २०२० रोजी गाळाच नाहीसा झाला. केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ते होते.

व्हॉट्सॲपचे गणित थोडे निराळे आहे. जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी त्याचे मोफत ॲप आले. कोकणातील हापूसचे बागायतदार त्याचा वापर कसा करतात, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी पेटी वाशीच्या बाजारात जाई आणि दलाल ठरवेल तो भाव पदरात पडे. आता देवगड-रत्नागिरीचे अनेक बागायतदार मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतात. मोहोर आला, पाऊस पडला, पहिली तोड झाली, अशी खबर छायाचित्रांसह जाते आणि मागणी आधीच नोंदवली जाते. यातली खरी पुंजी म्हणजे गेल्या वर्षीच्या ग्राहकांची यादी. या ॲपवर एकाच वेळी अनेकांना पाठवलेला यादीतील संदेश फक्त त्यालाच पोहोचतो, ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे. म्हणजे आंबा गोड निघाला असेल, तरच पुढच्या वर्षी दार उघडे.

मोठ्या कंपन्यांना हे मोफत नाही. प्रचाराच्या प्रत्येक संदेशामागे त्यांना शुल्क मोजावे लागते आणि फार ग्राहकांनी तक्रार केली किंवा त्यांना रोखले, तर त्यांच्या संदेशांवर निर्बंध येऊ शकतात. लघुसंदेशांच्या बाबतीत जे सरकारला करायला अनेक वर्षे लागली, ते येथे कंपनीने स्वतःच्या स्वार्थासाठी केले. अर्थात ग्राहकाच्या कपाळावरील आठ्या त्यामुळे पूर्ण गेल्या आहेत, असे नाही.

समाजमाध्यमांवरील 'इन्फ्लुएन्सर'च्या बाबतीतही वाटचाल तशीच आहे. पैसे घेऊन केलेली शिफारस आपुलकीचा सल्ला म्हणून खपवली जाऊ लागली, तेव्हा जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा मजकुरावर 'जाहिरात' असा स्पष्ट उल्लेख करण्याचे निर्देश दिले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

याहून दूरगामी परिणाम होणार आहे तो ऑगस्ट २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याचा. ग्राहकाची माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे त्याला साध्या शब्दांत सांगावे लागेल आणि त्याने मागितल्यास ते मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत उपलब्ध करून द्यावे लागेल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संरक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. आंब्याची पेटी घरपोच करण्यासाठी घेतलेल्या पत्त्यावर त्याच बागायतदाराने गणपतीत मोदकांची जाहिरात पाठवावी काय, असा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. आता तो पडेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले. व्यावसायिकांवरील प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. आंब्याचा हंगाम तेव्हा ऐन भरात असेल.