स्वयंपाकघरांतील बाष्पयंत्र

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक येतात. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून बदलापूर सुमारें ६८ किलोमीटर आहे. तेथून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या माणसाचा एका बाजूच्या प्रवासांतच दीड तासाच्या आसपास वेळ मोडतो. ज्या घरांतून साडेसहाची किंवा सातची गाडी गांठावयाची, त्या घरांत पितळी पातेल्यांत वरण सावकाश शिजत ठेवण्याची चैन उरलेली नाहीं. पहांटे पांचच्या सुमारास शेजारच्या बिऱ्हाडांतून पहिली हांक येते ती कुकरच्या शिट्टीची.

भांडें इतकें घरोघरचें झालें, तरी त्याच्या पोटांत काय चालतें याची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर ही उपेक्षा अधिकच. डाळ-तांदूळ सासूबाई धुवून ठेवतात, कुकर थोरली सून लावते, गॅस धाकटी बंद करते आणि झाकण घांसते ती कामाची बाई. चौघींच्या हातांतून जाणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणा एकीची राहत नाहीं, आणि शिट्टीच्या नळींत अडकलेलें डाळीचें टरफल चौघींपैकीं एकीच्याहि दृष्टीस पडत नाहीं. (घरांतील पुरुष मंडळी शिट्ट्या मोजण्यापलीकडे या व्यवहारांत पडत नाहींत, हें वेगळें सांगावयास नको.)

उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळूं लागलें कीं मग जाळ कितीहि वाढवा, पाण्याची उष्णता त्यापुढें जात नाहीं. जादा जाळ वाफेच्या रूपानें फुकट उडून जातो. तोंड घट्ट मिटलें म्हणजे वाफ कोंडते, तिचा दाब पाण्यावर पडतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदु वर चढतो. घरगुती कुकरांत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम अधिक असतो व उष्णता १२० अंशांच्या आसपास पोहोंचते. या वीस अंशांतच सारी करामत आहे. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गांवीं पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळतें, त्यामुळें तेथें उघड्या भांड्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं. बदलापूरकरांस ती अडचण नाहीं. त्यांस अडचण आहे ती घड्याळाची.

पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूनें मांडून पाहावा. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१४ चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे शिट्टी होण्याच्या वेळीं त्या झाकणास आंतून तीनशें किलोंहून अधिक भाराचा रेटा बसत असतो! चार धिप्पाड माणसांनीं खालून खांदा लावावा, तसा हा प्रकार. कारखान्यांतील बाष्पपात्रांची तपासणी आपल्या देशांत १९२३ सालीं कायद्यानें सक्तीची झाली. स्वयंपाकघरांतील बाष्पपात्राला मात्र निरीक्षक नाहीं. तें काम गृहिणीनेंच करावयाचें.

या भांड्याचा जनक दनी पापँ हा फ्रेंच गृहस्थ. हाडेंसुद्धां मऊ करणारें आपलें भांडें त्यानें १६७९ सालीं लंडनमध्यें सिद्ध केलें आणि १६८२ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदांस त्यांत रांधलेलें जेवण घातलें. भांडें फुटूं नये म्हणून झाकणास छिद्र ठेवून त्यावर वजनाची दांडी बसविण्याची युक्तीहि त्याचीच. आपली शिट्टी ही तिची वंशज होय. आपल्याकडे १९१० च्या सुमारास कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे आणि तळाशीं कोळशाची शेगडी, अशी त्याची रचना. त्यांत वाफ कोंडली जात नसे. म्हणून भय नव्हतें, आणि घाईच्या माणसाला उपयोगहि नव्हता. खरा प्रेशर कुकर या देशांत तयार होऊं लागला तो १९५९ सालच्या सुमारास. हॉकिन्स व प्रेस्टीज या दोन्ही नांवांचा येथील प्रारंभ त्या सुमाराचा.

कुकर लावतांना पहिलें काम म्हणजे शिट्टी काढून झाकण उजेडाकडे धरावें व नळींतून आरपार दिसतें कीं नाहीं तें पाहावें. क्षणभराचें हें काम आहे. तें टाळण्यास कोणतीहि सबब आम्हांस पटत नाहीं. नळींतून वाफेची सरळ धार येऊं लागल्यावर मगच शिट्टी ठेवावी. आंतील हवा निघून जाते आणि नळी मोकळी असल्याची दुसऱ्यांदा खात्री होते. शिट्टी झाली कीं आंच मंद करावी. मोठ्या आंचेवर शिट्ट्यांमागून शिट्ट्या काढल्यानें डाळ लवकर शिजत नाहीं. केवळ पाणी व गॅस खर्च होतो. यासाठीं शिट्ट्यांपेक्षां मिनिटें मोजणें बरें, कारण शिट्टी बर्नर मोठा असला तर लवकर होते, लहान असला तर उशिरां.

भांडें किती भरावें, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. बटाटे, रताळीं असे जिन्नस दोनतृतीयांशांपर्यंत चालतात. डाळ, तांदूळ, कडधान्यें हीं फुगतात व फेंसाळतात. तीं थेट कुकरांत घातल्यास पाण्यासह निम्म्यावर जाऊं देऊं नयेत. डब्यांत वरण-भात लावण्याची आपली मराठी रीत या दृष्टीनें फार सोयीची, कारण फेंस बहुधा डब्यांतच राहतो. तळाच्या पाण्यांत मात्र काटकसर नको. तें आटलें तर सेफ्टी व्हॉल्व्हमधील मऊ धातु वितळून वाफेस वाट करून देतो. अशा वेळीं व्हॉल्व्हनें आपला प्राण देऊन घर वांचविलेलें असतें; त्याच्या जागीं त्याच बनावटीचा नवा बसवावा, खिळा किंवा डाग मारून काम भागवूं नये. सोडा घालून कडधान्य कुकरांत शिजवणें व झाकण लावून तळणें, हीं दोन्ही वर्ज्य.

शिट्टी होण्याची वेळ टळून गेली आणि कुकर गप्प राहिला, तर जवळ जाऊन चमच्यानें शिट्टी उचलून पाहण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. गॅस बंद करावा, मुलांना बाहेर काढावें आणि भांडें आपोआप थंड होऊं द्यावें. झाकण सहज निघत नसेल तर आंत दाब आहे असें समजावें. आंतल्या झाकणाचा कुकर असा असतां उघडतच नाहीं, कारण वाफच झाकणाला कांठाशीं दाबून धरते. बाहेरच्या झाकणाच्या कुकरांत मात्र दांडगाई करणाऱ्याचा हात भाजतो. सुनेला गाडी गांठावयाची असेल तर तिनें निघतांना, "सासूबाई, गॅस बंद केलाय, कुकर उघडलेला नाहीं," एवढें मोठ्यानें सांगून जावें. गॅस बंद केल्यावरची दहा मिनिटेंहि शिजण्याचींच असतात.

आतां उल्हासनगरविषयीं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीला उल्हास नदीवरून नांव पडलें. तेथील भागांना अजूनहि कॅम्प एक, कॅम्प दोन असेंच म्हणतात. या उद्योगी लोकांच्या घरची साईभाजी आपल्या घरीं अवश्य करावी. पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ, बटाटा, वांगें, टमाटा असें सारें एकत्र कुकरांत मऊ शिजवून घोटावयाचें. डाळ असल्यामुळें निम्म्यावर भरावयाचें नाहीं. त्याच गांवचा बाजार हुबेहूब नकलांबद्दलहि प्रसिद्ध आहे, आणि त्यावरचे विनोद तेथील लोक स्वतःच सांगतात. नकली पिशवीचा बंद तुटला तर हंसण्यावारी नेतां येतें. सेफ्टी व्हॉल्व्हची गोष्ट तशी नव्हे. ती वस्तु बाजार कोणत्याहि गांवचा असो, खऱ्या बनावटीचीच घ्यावी. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आय. एस. आय. चिन्ह व आय. एस. २३४७ हा मानक-क्रमांक असणें सक्तीचें झालें आहे. घरबसल्या मागविलेल्या कुकरवरहि तें तपासावें. असें चिन्ह नसलेले कुकर विकूं दिल्याबद्दल २०२२ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मोठमोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना दंड केलेला आहे.

राहतां राहिली रिंग. रोज धुवून, पुसून ती सैल ठेवावी. झाकणांत दाबून ठेवूं नये. कडेनें वाफ निसटूं लागली म्हणजे ती फ्रीजमध्यें घालून घट्ट करण्याची युक्ति पुष्कळ घरांत चालते. एखाद्या सकाळपुरती ती ठीक. पण वर्षाकांठीं एकदां, दिवाळीच्या साफसफाईंत, रिंग बदलावी, आणि जुनी कात्रीनें कापूनच टाकावी. नाहीं तर कोणीतरी काटकसरी हात ती पुन्हां फडताळांत जपून ठेवतो.