दोन रात्रींचा विसावा

तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला रात्री उठून कूस बदलून द्यावी लागते. मान सावरून, मऊ केलेला एकेक घास भरवावा लागतो. जेवणाला पाऊण तास सहज जातो. वर्षानुवर्षं हे करणारी आई सलग कधी झोपली होती, तिलाही आठवत नाही. चिडचिड होते, आवाज चढतो, मग स्वतःचाच राग येतो. प्रेम आटलेलं नसतं, अंगातलं त्राण संपलेलं असतं.

रेस्पाइट केअर म्हणजे अशा घराला मिळणारा विसावा. काही तास किंवा काही दिवस मुलाची काळजी दुसरे शिकलेले हात घेतात. मदतनीस घरी येतो, नाहीतर मूल केंद्रात राहून ठरल्या दिवशी परततं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात या सेवेचा नाव घेऊन उल्लेख आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी हा कायदा आहे.

पहिल्याच दिवशी मुलाला रात्रभर ठेवून येऊ नये. आधी आईबरोबर दोन तास, मग तिच्याशिवाय एक दुपार, मग एक रात्र. सोबत औषधांच्या चिठ्ठ्या हव्यात आणि त्याहून मोलाची एक वही. पेज किती दाट केली म्हणजे ठसका लागत नाही, फिट येण्याआधी चेहरा कसा होतो, ती आल्यावर कुशीवर कसं वळवायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं. डोळे वर नेले की 'हो', ओठ मिटले की 'पुरे'. आईच्या डोक्यात असलेलं हे सगळं कागदावर आलं, तरच दुसऱ्याला मूल कळतं.

यात मुलाचाही लाभ आहे. दुसऱ्याच्या हातून जेवायची, दुसऱ्या अंथरुणावर झोपायची सवय त्याला आईवडील धडधाकट असतानाच लागते. घरातल्या दुसऱ्या भावंडालाही विसाव्याच्या दिवसांत आई पुरती मिळते.

सगळीकडे केंद्रं नाहीत, हे खरं. पण जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीत न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी असतो. चौकशी तिथून सुरू करा. ती आजच करा, स्वतःच्या ऑपरेशनची तारीख येईपर्यंत थांबू नका.