परतणारा प्रकाश

शिबिराच्या रात्री तंबूचा तणावा दिसत नाही आणि धावते मूल तोंडघशी पडते. यावर परावर्तक दोरी हा सोपा उपाय होय. तिच्या विणीतील धाग्यावर सूक्ष्म काचमणी असतात. ते प्रकाश आला त्याच दिशेस परतवितात. याच तत्त्वावर इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यांसाठी ‘मार्जारनेत्रे’ सिद्ध केली. म्हणून विजेरी डोळ्यांजवळ धरावी. कमरेशी धरल्यास दोरी तितकी उजळ दिसत नाही.

मात्र ही दोरी स्वयंप्रकाशी नव्हे. विजेरीलाच तिचा फास बांधला आणि विजेरी अंधारात हरवली, तर शोधण्यास दुसरा दिवा हवाच. यास्तव पालकांनी मुलांबरोबर दोन विजेऱ्या द्याव्यात : एक गळ्यात, दुसरी उशाशी.