कोळशानंतरचं रूर खोरं

जर्मनीच्या रूर खोऱ्यातली शेवटची कोळसा खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानियल, डिसेंबर २०१८मध्ये बंद झाली. उतरती कळा मात्र १९५८पासूनच लागली होती. तेल आणि आयात कोळसा स्वस्त पडू लागला होता. सावरायला साठ वर्षं मिळाली, ही या भागाची मोठीच जमेची बाजू.

त्याहून मोलाचं काम शिक्षणाने केलं. १९६०मध्ये या दाट वस्तीच्या पट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हतं. १९६५मध्ये बोखुमचं विद्यापीठ सुरू झालं, मग डॉर्टमुंडचं. त्याला लागूनच १९८५मध्ये तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं. नव्या उद्योगांना शिकलेली माणसं तिथेच मिळू लागली. कोळशासाठी बांधलेले कालवे आणि लोहमार्ग आयतेच होते, आणि सुमारे पन्नास लाखांची बाजारपेठ दाराशी. ड्यूसबुर्गचं नदीबंदर त्यावरच मोठं झालं.

एकाच मोठ्या कारखान्यावर भिस्त ठेवणं मात्र महागात पडतं. बोखुमला १९६२मध्ये आलेला ओपेलचा मोटार कारखाना २०१४मध्ये बंद झाला.

बंद खाणींमधलं पाणी तर कायमच उपसावं लागणार आहे. तो खर्च आता खाणकंपनीशी जोडलेलं आरएजी प्रतिष्ठान उचलतं.